बिनपेटीचं गायनमंडळ

आमच्या गायनमंडळातले आता आम्ही मोजकेच उरलो आहोत. भेट होते ती बहुधा कुणाच्या लग्नात, नाहीतर मयतीला. आधी गुडघ्यांची चौकशी होते, मग मोतीबिंदूची, मग सुनांची. आणि मग कुणीतरी हळूच म्हणतं, "ते हवालदारांचं आठवतं का?"

झालं. पुढचा तासभर आम्ही मयतीला आलो आहोत हे विसरतो. एकदा तर मयताच्या मुलाने येऊन विचारलं, की मावशी, तुम्हाला चहा आणू का बाहेर? बाहेर या शब्दावर त्याने जोर दिला होता.

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. तीच माणसं त्याच बाकांवर वर्षानुवर्षं बसली की ते साठत जातात, माळ्यावर भांडी साठतात तसे. कुठलं कुणी आणलं ते आठवत नाही आणि टाकून द्यायला हात होत नाही.

हे सगळं दुसऱ्या मोठ्या लढाईच्या वर्षांतलं. आमचं गाव पारनेरच्या बाजूचं. गावाबाहेर मिशनचं कंपाऊंड. त्यात शाळा, लहानसा दवाखाना आणि दगडी चर्च. आम्ही त्याला देऊळच म्हणायचो. मी मुलींच्या शाळेत नुकतीच मास्तरीण लागले होते. शांतवनमास्तर शाळेत गणित शिकवायचे आणि देवळात गायनमंडळ चालवायचे. दोन्हीकडे त्यांचा चेहरा एकच असे.

*

देवळात एक पायपेटी होती. पायाने भाता मारायचा, हाताने वाजवायची. लढाई सुरू झाली आणि तिच्या भात्याचं कातडं फाटलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता, पण मास्तर त्या नेहमी एका दमात सांगायचे. मुंबईच्या दुकानातून उत्तर आलं, की सामान बोटीने येतं आणि बोटी सध्या दुसऱ्या कामात आहेत.

मग गावात चपला शिवणाऱ्याकडून ठिगळ लावून घेतलं. ठिगळ चांगलं भक्कम होतं, फक्त हवा धरत नव्हतं. पेटी वाजवणाऱ्या ग्रेसबाई इतक्या जोरात पाय मारायच्या की कडवं संपेस्तोवर त्यांनाच धाप लागायची. आणि वाजवणं थांबलं की आत उरलेली हवा आपल्या सवडीने बाहेर पडायची.

त्या सुमारास गावातले एक म्हातारे हवालदार वारले. पहिल्या लढाईत जाऊन आलेले. देऊळ भरलं होतं. शवपेटी पुढे ठेवलेली, तिच्या शेजारीच पायपेटी. गीत झालं. पाळकसाहेब म्हणाले, "आपण क्षणभर शांत राहून प्रार्थना करू."

सगळं शांत झालं. आणि त्या शांततेत एक लांबलचक, खोल उसासा आला.

माना वर झाल्या. आमच्या मागच्या बाकावर कुणीतरी कुजबुजलं, "कुठनं आला?"

"पेटीतनं."

"कोनच्या?"

हवालदारांची बायको उठली, शवपेटीजवळ गेली, वाकून कान लावला. पाळकसाहेब थांबले. सगळी मंडळी थांबली. ती परत जाग्यावर येऊन बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "करा पुढं. गेल्यात ते."

त्याच आठवड्यात देवळाच्या पंचांनी पायपेटीवर चादर घालून ती भिंतीकडे तोंड करून ठेवली.

*

पेटी गेल्यावर आम्हाला वाटलं, आता गायनमंडळही बंद. मास्तरांनी सगळ्यांना शाळेत बोलावलं. ते म्हणाले, "पेटी होती तोवर ती तुमच्या चुका झाकत होती. आता त्या मंडळींना ऐकू येतील. बसा."

एवढंच भाषण. त्या दिवसापासून आम्ही नुसत्या गळ्यावर चार आवाजांत गायला शिकायला लागलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बायकांचा उंच आवाज सोप्रानो, त्याखालचा आल्टो. पुरुषांतला उंच तो टेनर आणि तळाचा बेस. गाण्याची चाल सोप्रानोकडे असते. बाकीच्या तिघांनी आपापले वेगळे सूर धरून तिला खालून आधार द्यायचा. मी आल्टोत होते. आल्टोला एकेका कडव्यात दोन-तीनच सूर असतात आणि ते म्हणून झाल्यावर आपण काय म्हटलं हे घरी कुणाला सांगता येत नाही.

सूर काढायला मास्तरांकडे दोन फाट्यांची एक लोखंडी कांब होती. ती गुडघ्यावर आपटायची, कानाशी धरायची आणि मग "हं" करून चौघांना चार सूर द्यायचे. आम्ही तिला चिमटा म्हणायचो.

बाजाराच्या दिवशी एक शेतकरीणबाई देवळाच्या दारात उभी राहून आमचा सराव बघून गेली. दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याला घेऊन दवाखान्यात आली. दवाखान्यात राहेलताई नर्स होती. आमच्या सोप्रानोची पुढारी तीच. तिचा नवरा दानियेल फौजेत लॉरी चालवायला गेला होता आणि ती सासूबरोबर कंपाऊंडातच राहायची.

बाईने विचारलं, "मास्तरचा गुडगा बरा झाला का?"

"त्यांच्या गुडघ्याला काय झालंय?"

"सारखं लोखंडानं हानून घेत्यात त्ये. ह्यांच्याबी गुडग्याला हाना."

राहेलताईने समजावून सांगितलं, की ते औषध नाही, गाण्याचं हत्यार आहे. बाईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग म्हना गानं. पन हाना."

शेवटी मास्तरांना बोलावलं. मास्तर आले. त्यांनी त्या माणसाच्या उजव्या गुडघ्यावर चिमटा आपटला, सवयीने कानाशी धरला आणि सवयीनेच "हं" केलं. माणूस उठून दाराशी जाऊन परत आला.

"उतार पडला," तो म्हणाला. "आता डावा."

*

आमचा बेस म्हणजे यकोबाकाका. दवाखान्याचे राखणदार. आवाज असा, की त्यांनी फाटकातून "कोन हाय?" म्हटलं की दुखणेकऱ्याला आपलं दुखणं आठवायचं नाही.

त्यांचं घर कंपाऊंडाच्या कडेला, भीमाजी पाटलांच्या मळ्याला लागून. बेसचे सूर डोक्यात पक्के बसावेत म्हणून काका घरी एकटेच म्हणत बसायचे. आता बेस एकटा ऐकला तर त्यात गाणं सापडत नाही. एकच सूर, तोच सूर, मग जरा खाली, मग पुन्हा तोच. पाटील मोट हाकता हाकता हे रोज ऐकत होते. शेवटी त्यांनी काकांच्या बायकोला बांधावर गाठलं.

"यकोबाला बरं न्हाई का?"

"बरं हाय की. देवाचं गानं म्हनत्यात."

पाटलांनी जरा वेळ ऐकलं. "देव लई सोशीक हाय तुमचा," ते म्हणाले आणि गेले.

नाताळला पाळकसाहेबांनी गावातल्या मोठ्या माणसांना बोलावणं धाडलं. पाटील फेटा बांधून आले आणि पहिल्या बाकावर बसले. आम्ही उभे राहिलो, मास्तरांनी सूर दिले, आणि चारही आवाज एकदम लागले. यकोबाकाकांचा तोच सूर खाली होता, आणि त्याच्यावर बाकीचं सगळं उभं होतं.

पाटील डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर बाहेर सगळे त्यांना विचारायला लागले, पाटील, कसं वाटलं?

पाटील म्हणाले, "चार जनं चार येगळी गानी म्हनत्यात. आन भांडन न्हाई." मग फेटा सारखा करत म्हणाले, "आमच्या भावकीत न्हाई बाबा असं."

*

लढाईच्या मध्यावर कागद मिळेनासा झाला. शाळेत पाटीवर भागत होतं, पण प्रत्येकाला आपापल्या आवाजाचे सूर लिहून द्यायला मास्तरांकडे कागद उरला नाही. जुन्या वह्यांच्या कोऱ्या बाजू संपल्या, कॅलेंडरांच्या पाठी संपल्या.

मास्तरांनी शाळेची एक खोली घेतली आणि कोळशाने भिंतींवर लिहिलं. पूर्वेच्या भिंतीवर सोप्रानो, दक्षिणेच्या आल्टो, पश्चिमेच्या टेनर, उत्तरेच्या बेस. आम्ही मधोमध एकमेकांकडे पाठ करून, आपापल्या भिंतीकडे तोंड करून बसायचो. मास्तर मध्ये उभे. त्यांना आमच्या फक्त वेण्या आणि टकली दिसायची. त्यांकडे बघत ते पाय आपटून ताल देत.

पावसाळाभर असा सराव झाला. गाणी उत्तम बसली. मग सणाची उपासना आली आणि आम्ही देवळात सगळे मंडळींकडे तोंड करून उभे राहिलो. मास्तरांनी हात उचलला. कुणाला एक सूर आठवेना.

मास्तरांनी आमच्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "भिंतीकडे."

आम्ही वळलो. सोप्रानो पूर्वेला, आल्टो दक्षिणेला, टेनर पश्चिमेला, आणि बेसची तोंडं नेमकी पाळकसाहेबांकडे. चिमटा वाजला, आणि पहिल्या ओळीपासून सगळं सरळ निघालं.

त्या दिवशी पाहुणे म्हणून एक मोठे गोरे मिशनरी आले होते. उपासनेनंतर त्यांनी मास्तरांचा हात धरला. त्यांचं मराठी चांगलं होतं. ते म्हणाले, "चारी दिशांना शुभवर्तमान. फार सुंदर कल्पना. कुणाची?"

मास्तर म्हणाले, "टंचाईची, साहेब."

साहेबांना तो शब्द ओळखीचा नसावा. पुढे त्यांनी आपल्या भाषणात टंचाई नावाच्या एका नगरच्या संगीतकाराचा आदराने उल्लेख केल्याचं आम्ही ऐकलं.

*

भरतीवाले गावात आले आणि आमचे टेनर घेऊन गेले. एकामागून एक. राहिला एकटा सालोमन कंपाउंडर, आणि त्याला दर थंडीत सर्दी. टेनरशिवाय चार आवाज उभे राहत नाहीत. मास्तर हिंडले, शिक्षक पाहिले, माळी पाहिला, सगळ्यांचे आवाज खाली.

एके संध्याकाळी ते राहेलताईकडे गेले असता अंगणातून टेनर ऐकू आला. बघतात तो राहेलताईची सासू साराबाई शेळीला शिव्या देत होती.

साराबाईचा आवाज पहिल्यापासून घोगरा आणि भरदार. मास्तरांनी चिमटा आपटून सूर दिला. तिने तो शेळीवरची नजर न काढता जसाच्या तसा परत दिला. मास्तर तिथेच ओट्यावर बसले.

आता प्रश्न असा, की टेनर बसतात पुरुषांच्या बाकावर. पंचांची सभा भरली. एक पंच म्हणाले, बाईमाणसाने पुरुषांत बसून गाणं शोभत नाही. दुसरे म्हणाले, पडदा लावू. तिसरे म्हणाले, कापड कंट्रोलात मोजून मिळतं, पडद्याला कुठून आणायचं? यावर बराच वेळ गेला. साराबाई दाराशी उभी होती. तिला पाळकसाहेबांनी विचारलं, "बाई, तुमचं काय म्हणणं?"

ती म्हणाली, "मालक वारलं तवा माझा दानियेल रांगत हुता. तवापासनं घरातला पुरुष मीच हाय. शेत मीच केलं, छप्पर मीच शाकारलं. तवा कुनी पडदा धराया आलं न्हाई."

पाळकसाहेब पंचांना म्हणाले, "लिहा. टेनर, साराबाई."

पुढच्या रविवारी ती सालोमनच्या शेजारी बसली. त्याची सर्दी त्या दिवशी गेली ती पुन्हा आली नाही. साराबाई शिंकणाऱ्याकडे बघायची.

*

नगरला लष्कराच्या दवाखान्यात जखमी शिपायांपुढे गायचं बोलावणं आलं. सर्व्हिस मोटारी तेव्हा पेट्रोल नाही म्हणून कोळशाच्या गॅसवर चालत. मोटारीच्या पाठीला भट्टी बसवलेली असे. सपाटीला ठीक, पण चढ लागला की मोटार दम खायची आणि उतारूंना उतरून ढकलावं लागायचं.

आम्हीही उतरलो. मास्तर म्हणाले, नुसतं ढकलण्यात वेळ जातो, सराव करा. त्यांनी पुढे चालत ताल धरला आणि आम्ही चार आवाजांत गात मोटार चढावर नेली. तालात जोर एकदम लागतो. मोटार कधी नव्हे ती न थांबता वर गेली. त्यानंतर तो ड्रायव्हर मला रस्त्यात कुठेही भेटला तरी नमस्काराआधी विचारायचा, "बाई, मंडळ कवा येनार हाय नगरला?"

दवाखान्याच्या वॉर्डात दोन्ही बाजूंना खाटा. आम्ही मध्ये उभे राहिलो. दुसऱ्या कडव्याला खिडकीजवळच्या खाटेवरून एक आवाज आमच्यात मिसळला. भाषा इंग्रजी, गीत तेच, आणि सूर टेनरचा. एक लाल केसांचा गोरा सोल्जर, पाय प्लॅस्टरमध्ये बांधून टांगलेला. त्याच्या मुलखात खाणीत काम करणारे लोकही असंच बिनपेटीचं गातात, असं नंतर कळलं. साराबाईने मान वळवून पाहिलं आणि जरा सरकून त्याला वाट दिली. तसा टेनर आम्ही पूर्वी कधी ऐकला नव्हता.

त्यानंतर मास्तरांनी नगरला जायची एकही संधी सोडली नाही. दर वेळी त्या खाटेजवळ अर्धा तास. तो इंग्रजीत सूर म्हणायचा, मास्तर मराठीत दुरुस्त करायचे.

एकदा निघताना मास्तरांनी तिथल्या सिस्टरला विचारलं, "याचा पाय किती दिवसांत बरा होईल?"

सिस्टर म्हणाली, "लवकरच. फार छान भरून येतोय."

मास्तरांचा चेहरा पडला. त्या रविवारी देवळात आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायची पाळी त्यांची होती. त्यांनी गावातल्या सगळ्या आजाऱ्यांची नावं घेतली, सगळ्यांना त्वरित आराम मागितला. शेवटी म्हणाले, "आणि नगरच्या दवाखान्यातल्या त्या तरुणाचा पाय, प्रभू, तू तुझ्या सवडीने बरा कर. आमची घाई नाही."

मंडळी म्हणाली, आमेन.

*

आता शेवटचं. हे आम्ही मयतीला सांगत नाही.

दानियेलची पत्रं यायची ती बंद झाली आणि मग तार आली. इंग्रजीत होती, मास्तरांनी वाचून दाखवली. मिसिंग, म्हणजे पत्ता लागत नाही. वाळवंटात कुठेतरी लॉरी नेत होता, पुढचं माहीत नाही.

साराबाई म्हणाली, "हरवला म्हंजी गेलाच की."

राहेलताई म्हणाली, "हरवला म्हंजी हरवला."

यापलीकडे दोघी त्याविषयी बोलल्या नाहीत. एका चुलीवर रांधत होत्या, एका गायनमंडळात गात होत्या. वर्ष गेलं, वरती आणखी काही महिने गेले. मग एक दिवस साराबाई पाळकसाहेबांकडे गेली. मी तेव्हा शाळेच्या कामासाठी तिथे बसले होते. ती उभ्या उभ्याच म्हणाली, "त्याच्या नावानं उपासना करा. मला रडायचंय. मानूस न्हाई, माती न्हाई, कंच्या दिवशी रडू? एक दिस ठरवून द्या."

पाळकसाहेबांनी दिवस ठरवून दिला.

राहेलताईने भांडण केलं नाही. सासूला एवढंच म्हणाली, "तुमी करा, आत्याबाई. मी येनार न्हाई."

मास्तरांनी गीत निवडलं. आमच्या मंडळींत मयताला म्हणतात तेच, सगळ्यांना ठाऊक असलेलं. राहेलताई सरावाला आली नाही. सोप्रानोत तिच्याखेरीज तीन मुली होत्या, दवाखान्यात तिच्या हाताखाली शिकणाऱ्या. त्या आल्या, पण तोंड उघडेनात. मास्तर त्यांना बोलले नाहीत.

त्या दिवशी देऊळ भरलं. तिन्ही मुली आपल्या जागी येऊन उभ्या राहिल्या. मास्तरांनी चिमटा वाजवला, चौघांना चार सूर दिले, सोप्रानोलाही दिला. हात खाली आला आणि आम्ही तिघांनी सुरुवात केली. आल्टो, टेनर, बेस. चाल आलीच नाही.

मला वाटलं, मास्तर थांबवतील. त्यांनी ताल सोडला नाही. खालचं सगळं होतं, वरचं नव्हतं. मंडळींना शब्द कळत होते, पण गाणं ओळखू येत नव्हतं. एरवी मी गाताना मला माझा आवाज कधी ऐकू येत नसे. त्या दिवशी आला, आणि तो कुठे ठेवावा ते मला कळेना. साराबाई पुरुषांच्या बाकासमोर ताठ उभी राहून आपल्या मुलासाठी टेनर म्हणत होती. सगळी कडवी तिने म्हटली, एक सूर हलला नाही. आमेन झाल्यावर खाली बसली आणि रडली. कुणी तिला उगी केलं नाही.

बाहेर पाळकसाहेब मास्तरांना म्हणाले, "गीत आज वेगळं वाटलं."

मास्तर म्हणाले, "होय."

पुढच्या सरावाला राहेलताई आली, आपल्या जागी बसली, आणि नेहमीसारखी चाल दिली. ते गीत मात्र मास्तरांनी पुन्हा काढलं नाही. कुणी वारलं तर दुसरं म्हणायचो.

लढाई संपली. गेलेले टेनर एकेक करून परत यायला लागले. एका रविवारी, उपासना होऊन तासभर झाला असेल, कंपाऊंडाच्या फाटकाशी लॉरी थांबली आणि यकोबाकाकांनी "कोन हाय?" विचारलं. त्यावर जे उत्तर आलं ते ऐकून काका फाटक उघडायचं विसरले. दानियेल फाटकावरून चढून आत आला.

तो शत्रूच्या कैदेत होता. एका कॅम्पातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या. पत्रं लिहिली होती म्हणे, आली नाहीत. निम्मा झाला होता.

साराबाई अंगणात जोंधळे निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं, त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "तुझं समदं उरकलंय आमी."

"काय उरकलंय?"

"मयताची उपासना."

राहेलताई आत चुलीपाशी होती. तव्यावर भाकरी होती, ती तिने उलटली, भाजू दिली, उतरवून ठेवली. मग बाहेर आली. त्याच्याकडे पाहत उभी राहिली. मग त्याच्या हातातली पत्र्याची ट्रंक घेऊन आत गेली आणि ताट वाढलं.

तोवर सगळं कंपाऊंड अंगणात गोळा झालं होतं. गायनमंडळ तर रविवारच्या कपड्यांतच होतं. दानियेल ओट्यावर जेवायला बसला. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि हाताखाली एकेक हाड लागलं की मोजल्यासारखी थांबत होती.

त्याने विचारलं, "लोक आल्ते का माझ्या मयताला?"

"भरलं हुतं देऊळ," साराबाई म्हणाली.

त्याला बरं वाटलं. "गानं झालं?"

"झालं की. मी हुते त्यात."

"मग म्हना की," दानियेल म्हणाला. "मी नव्हतो तवा."

मास्तरांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही अंगणात उभे राहिलो, त्या तिन्ही मुलीही आपल्या जागी उभ्या राहिल्या, आणि त्या दिवशी झालं होतं तसंच आम्ही म्हटलं. आल्टो, टेनर, बेस. पहिल्या कडव्यापासून शेवटच्यापर्यंत.

दानियेल हातात घास तसाच धरून ऐकत होता.

"ह्याला चाल न्हाई का?" त्याने विचारलं.

साराबाईने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी जमिनीकडे पाहिलं.

"हाय," राहेलताई आतून म्हणाली. "मी दिली न्हाई."

दानियेलने हातातला घास खाल्ला आणि ताट पुढे सरकवलं.

"अजून एक भाकर वाढ," तो म्हणाला.